गोंगाट म्हणे!

चारचौघींनी चाल सोडून सुचेल तसा सूर लावला, की "काय हा गोंगाट!" म्हणणारे आमच्या खैरलांजीतही आहेत. १९७७ साली लंडनमध्ये मॅगी निकोल्स आणि लिंडसे कूपर यांनी बायकांचा मुक्त-वादन गट काढला. त्यांनी झाडू, भांडी रंगमंचावर आणली. पुरुष वादक म्हणाले, यांना तंत्रच येत नाही!

अगं बायांनो, आपल्या आज्या जात्यावर काय करत होत्या? एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुढं न्यायची, तीही आयत्या वेळी सुचेल तशी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांना गोंगाट म्हणायची छाती आहे कुणाची?

मग मंडळात ठरलेलीच चाल का? एकदा मोकळं गा. चुकेल? चुकू द्या. फक्त एकमेकींचं ऐका. खरं तंत्र तेच.