आपले पत्र आणि पेण-रोह्याची बातमी

पेण व रोहे तालुक्यांतील बौद्ध बंधुभगिनींनो,

पंधरवड्याला आपले पत्र तुमच्या घरी येते. कोणी ते वाचतो, कोणी नुसते चाळतो, आणि महिन्याभराने तेच पत्र भांड्यांच्या फळीवर अंथरले जाते. तुम्हांला हिणवण्यासाठी हे लिहीत नाही. माझ्याही घरी फळीवर पत्रच असे. परंतु ज्या कागदावर आपण तांब्या-पेला ठेवतो, तो कागद मिळविण्यासाठी काय सोसावे लागले, हे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी एकदा ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

मुंबईत ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा मुंबई-पुण्यास मराठी वृत्तपत्रांची वाण नव्हती. वाण होती ती आपली कैफियत आपल्या शब्दांत छापणाऱ्या पत्राची. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, पांडुरंग नंदराम भटकर संपादक झाले आणि पत्र सुरू झाले. पुण्याच्या 'केसरी'ने त्याची साधी जाहिरातदेखील, पैसे देऊ केले असता, छापली नाही. जाहिरातीला जेथे थारा नाही, तेथे आपल्या दुःखाला कोठून मिळणार? 'मूकनायक' १९२३ साली बंद पडले.

यापुढील कथा मात्र मुंबईची नव्हे, तुमच्याच जिल्ह्याची आहे. आज ज्यास रायगड म्हणतात त्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे, १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्राशन केले. त्या पाण्याचा हक्क कोणी नव्याने मागितला नव्हता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता व महाडच्या नगरपालिकेने तो पुढल्या वर्षी स्वीकारला होता. तरीही परिषदेहून परतणाऱ्यांची डोकी फुटली. आता या प्रकाराची हकीकत जगाला कोणी सांगावयाची? मारणाऱ्यांनी की मार खाणाऱ्यांनी? परिषदेनंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले, आणि या वेळी संपादकाच्या जागी खुद्द बाबासाहेब बसले. महाडचे पाणी आणि हे पत्र यांचे नाते इतके निकटचे आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातील एक गोष्ट पेणकरांनी व रोहेकरांनी विशेष ध्यानात ठेवावी. महाडच्या दुसऱ्या परिषदेस मुंबईहून जावयाचे, तर धरमतर बंदरावर उतरून मोटारीने नागोठणे, कोलाड असा रस्ता जवळचा. म्हणजे तुमच्याच दारावरून! परंतु धरमतरच्या मोटारवाल्यांनी ऐन वेळी नेण्याचे नाकारले तर काय करावे, हा प्रश्न होता. म्हणून बाबासाहेब व प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने दासगावास उतरले. तेथून महाड पाच मैल, प्रसंग पडल्यास पायी जाता येईल असे. ज्या रस्त्याने आज तुम्ही एस. टी.तून निर्धास्त जाता, तो रस्ता त्या दिवशी आपल्या भरवशाचा नव्हता. अशा बारीकसारीक हकीकती आपल्यातल्याच कोणी लिहून ठेवल्या नाहीत, तर दुसरा कोणी त्या लिहीत नाही.

आणि पत्र चालत होते कशावर? कर्जावर. १९२८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी वाचकांपुढे उघडपणे हिशेब मांडला. पत्राची चोवीस-चोवीस रकाने ते एकट्याने लिहीत. वर्गणीदार मात्र पुरेसे नव्हते. वर्गणी थकविणाऱ्या समाजाला हा प्रश्न आजही सुखाने झोपू देता कामा नये. १९२९ च्या नोव्हेंबरात 'बहिष्कृत भारत' थांबले. पुढे २४ नोव्हेंबर १९३० पासून 'जनता' आले, आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेच्या आठ महिने आधी, त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. नावातील 'बहिष्कृत' जाऊन 'प्रबुद्ध' येण्यास एकोणतीस वर्षे लागली.

शेजारच्या अलिबागचे उदाहरणही पाहा. चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ असा खोतांविरुद्ध संप केला. त्या लढ्यातच शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांना १९३७ साली 'कृषीवल' काढावे लागले. ज्यांच्या हाती जमीन, त्यांच्याच हाती छापखाना, हा अनुभव कुळांनाही आला होता.

कोणी म्हणेल, आता सर्व काही मोबाईलवर येते, पत्र कशास हवे? मोबाईलवर येते ते संध्याकाळपर्यंत वाहून जाते. चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, निकाली निघाला. तोवर प्रकरण जिवंत ठेवणारे कागदच होते. धर्म बदलल्यामुळे अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या, त्या बौद्धांना १९९० च्या कायद्याने मिळाल्या. तीस-चौतीस वर्षे ती मागणी धरून ठेवावी लागली. दाखल्यावर काय लिहावे, जनगणनेच्या रकान्यात काय सांगावे, हे आपल्या माणसांना आपल्या पत्राने समजावून सांगावे लागते. कचेरीतील कारकून ते सांगत बसत नाही.

'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० साली पुन्हा छापले. कोणीतरी ते अंक पेटीत जपले होते, म्हणूनच ते छापता आले.

तेव्हा तुमच्या घरी जुनी पेटी असेल तर ती एकदा उघडून पाहा. जुना अंक सापडला तर त्याला घडी घालू नका, उन्हात ठेवू नका, कोकणच्या पावसाळ्यात तो कोरड्या कापडात ठेवा. आणि तुमच्या वाडीत बौद्ध पद्धतीने विवाह झाला, विहिरीचा तंटा झाला, विहाराच्या जागेचा अर्ज अडला, मुलगी पहिल्याने पदवीधर झाली, तर एका कागदावर गावाचे नाव, तारीख आणि घडले तेवढेच लिहून पाठवा. शुद्धलेखनाची चिंता करू नका, ते आम्ही पाहू. तारीख मात्र विसरू नका.