आई जुनाट, लेक मोकळी?

परदेशातल्या शीख बायका कशा बदलल्या, यावर गप्पा निघाल्या की 'बेंड इट लाइक बेकहम' (२००२) हमखास येतो. सिनेमा झकासच आहे, वाद नाही. पण त्यातली आई बघा... मुलीनं फुटबॉल सोडून आलू-गोबी शिकावी म्हणून मागे लागलेली. म्हणजे बदल काय तो लंडनमध्ये वाढलेल्या लेकीपासून सुरू! गंमत म्हणजे हीथ्रोवर नोकरी करतो तो बाप. आई दिसते ती स्वयंपाकघरात, नाहीतर लग्नाच्या खरेदीत.

अहो, साउथॉलच्या कितीतरी पंजाबी आया घरचं आवरून त्याच हीथ्रोवर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला जात होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये गेट गूर्मे कंपनीनं सहाशेहून जास्त कामगारांना काढलं, त्यात मोठा भरणा यांचाच. सलवार-कमीज घातलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बायका रस्त्याकडेला ठाण मांडून बसल्या. त्यांच्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या कामगारांनी काम बंद केलं आणि लाखभर प्रवासी खोळंबले.

पुढे २०१७ मध्ये प्रीत कौर गिल ब्रिटनच्या पहिल्या शीख महिला खासदार झाल्या. आनंदच आहे. पण 'आता कुठे बाहेर पडल्या' हे कौतुक मला सहन होत नाही. पगार आणणाऱ्या, युनियनमध्ये भांडणाऱ्या आयांना मुकाट ठरवल्याशिवाय लेकींचं कौतुक करता येत नाही का?

तडजोडीत सगळ्यांना परत घेतलं नाहीच. काहीजणी तर भरपाई नाकारून पुढेही भांडत राहिल्या.