पाचवीच्या आधी

जन्मलेल्या जिवाला पहिल्याच दिवशी सुई टोचू नये, थोडे अंग धरू द्यावे, ही समजूत सुशिक्षित घरांतही अद्याप टिकून आहे. ती मायेपोटीच निर्माण झालेली असली, तरी ‘हिपॅटायटिस बी’ या यकृताच्या रोगाच्या बाबतीत बाळास फार महागात पडू शकते.

या रोगाचा विषाणू आईकडून बाळाकडे येतो तो बहुधा गर्भात नव्हे, तर प्रसूतीच्या वेळी, रक्ताच्या संपर्कातून. प्रौढ माणसास त्याचा संसर्ग झाला, तर शरीर त्याच्याशी झुंजते, कित्येकांना कावीळ होते, आणि 100 पैकी 95 हून अधिक जण विषाणूस हुसकून लावतात. नवजात बाळांत मात्र 100 पैकी सुमारे 90 जणांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. आणि गंमत अशी, की कावीळ बहुधा होतच नाही! (तिसऱ्या दिवशी बाळ किंचित पिवळे दिसते, ती गोष्ट निराळी.) कारण हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारीत नाही, त्या मरतात त्या आपल्याच लढाऊ पेशींच्या हल्ल्यात. नऊ महिने आईच्या उदरात सुखाने नांदावयाचे, तर परक्या पेशी सहन करण्याचा संयम गर्भास शिकावाच लागतो. त्या संयमाचाच लाभ हा पाहुणा उठवितो. झुंज नाही म्हणून लक्षण नाही, आणि लक्षण नाही म्हणून कोणास संशयही येत नाही. यकृत निबर झाल्याचे किंवा कर्करोग जडल्याचे कळते ते कित्येक वर्षांनी.

आई वारेतून बाळास प्रतिद्रव्यांची शिदोरी देते, हे खरे. परंतु जिच्या रक्तात हा विषाणू वस्तीस आहे, तिच्यापाशी त्याला रोखणारे प्रतिद्रव्यच सहसा नसते. ती ते देणार कोठून?

मात्र जे बाळ विषाणूशी लढत नाही, तेच लसीला उत्तम प्रतिसाद देते. लसीत असते ती केवळ विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिने. विषाणू सावकाश पसरत असतो. तेवढ्या अवधीत लस शरीरास सज्ज करते. डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांनी 1960 च्या दशकात हा विषाणू उजेडात आणला आणि 1976 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानने 1984 पासून नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला, आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. आपल्या देशात 2011 पासून ही लस सर्वत्र शासकीय लसीकरणात आहे. पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यावयाची असते. सटवाई ललाटलेख लिहावयास पाचवीला येते म्हणतात. हा लेख त्याआधीच लिहिला जातो. आई विषाणूग्रस्त असल्याचे ठाऊक असेल, तर लसीबरोबरच तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही दुसऱ्या मांडीत देतात.

आपल्यासारख्या घरांत एक अडचण हटकून उद्भवते. सून इंदूरची, माहेर सांगलीचे. रक्ततपासणी होते येथे, बाळंतपण तेथे, आणि कागद राहतो सासरच्या कपाटात! सातव्या महिन्यात पाठवणी करताना साडीचोळीबरोबर तो कागदही बांधून द्यावा. त्यात दोष निघालाच, तर सुनेकडे बोट दाखवू नये. अनेकदा तिलाही तो विषाणू स्वतःच्या जन्मवेळी किंवा बालपणीच मिळालेला असतो, आणि तेव्हा ही लस सर्वत्र मिळतही नव्हती. बाळास लस दिल्यावर तिने त्याला खुशाल अंगावर पाजावे. दुधातून हा रोग लागत नाही.