शिकागोचा ब्लूज जोरात, पण त्याची वस्ती कुठे गेली?

शिकागोत थेट ब्लूज ऐकायचा असेल, तर आज बहुतेक लोक तुम्हाला शहराच्या उत्तर भागात किंवा डाऊनटाऊनमध्ये पाठवतील. हॅल्स्टेड रस्त्यावरचं किंग्स्टन माइन्स, नाहीतर गिटारवादक बडी गाय यांनी 1989 मध्ये काढलेलं लेजेंड्स. आत पर्यटकांची गर्दी. दक्षिण आणि पश्चिम भागातल्या ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांत हे संगीत वाढलं, तिथले बहुतेक जुने क्लब मात्र बंद झालेत.

असं का झालं?

1910 ते 1970 या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक कामासाठी आणि वर्णद्वेषाला कंटाळून बाहेर पडले. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरून मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोत आले. गावाकडची साधी गिटार इथल्या गजबजलेल्या बारमध्ये ऐकूच जाईना, म्हणून विजेवरची गिटार आली. लिटल वॉल्टर माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकाच मुठीत धरून वाजवायचे. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक शेजारच्या घरांतून वायर ओढून ॲम्प्लिफायर चालवत. विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजारही 1994 मध्ये हलवला गेला.

त्याआधीच श्रोत्यांचे रोजगार जात होते. शहरातले प्रचंड कत्तलखाने 1971 मध्ये बंद झाले, पुढे पोलादाचे कारखानेही. तरुण पिढी सोल संगीताकडे वळली होतीच.

इथे खरं नुकसान समजून घ्यायला हवं. ब्लूजचा साचा सोपा असतो: चार-चार मात्रांचे बारा खंड, बहुधा तीनच कॉर्ड. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तिसरीत तिला उत्तर देतो. त्यामुळे अनोळखी वादकही स्टेजवर चढून साथ करू शकतो. साचा दिवसभरात कळेल. पण गायकाला कुठे जागा सोडायची, हे रात्रीमागून रात्री वाजवूनच कळतं. 1957 मध्ये लुइझियानाहून आलेले बडी गाय वस्तीतल्या क्लबांतच घडले.

शहर 1984 पासून मोफत ब्लूज महोत्सव भरवतं. मुंबईतही 2011 मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा बडी गाय वाजवून गेले. पण वर्षातून एकदा भरणाऱ्या महोत्सवात नवखा वादक कितीसा शिकणार?

दक्षिण भागातल्या मडी वॉटर्स यांच्या घराला 2021 मध्ये शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिला. तिथे संग्रहालय व्हावं म्हणून त्यांचे कुटुंबीय झटत आहेत.