विकतचा कॉन्करर नको

सुट्ट्या आणि सीझनची अखेर एकत्र आली की व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामच्या गटांत एकाच छापाच्या जाहिराती पडू लागतात. ‘क्राऊन ते एस, तीन दिवसांत. आयडी सेफ. प्रूफ बघून घ्या.’ त्याखालीच दुसरी : ‘यूसी अर्ध्या भावात. पेमेंट आधी.’ यंदाही त्या पडू लागल्या आहेत. म्हणून घाईने हे लिहितो आहे.

तुम्ही बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, व्हॅलोरंट यांपैकी काहीही खेळत असाल, किंवा खेळणाऱ्या पोराचे आई-वडील असाल, तर कृपा करून या जाहिरातींना एक रुपयाही देऊ नका. रँक चढवून घेण्यासाठी नको आणि स्वस्तातल्या नाण्यांसाठीही नको. कंपनी आयडी बॅन करील ही भीती खरीच आहे, पण तेवढ्याच कारणासाठी हे सांगायचं असतं तर कंपनीचे नियम वाचा म्हटलं असतं आणि विषय संपवला असता.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘पैसे माझे, आयडी माझी, तुमच्या पोटात का दुखतं?’ दुखतं, कारण रँक एकट्याची नसते. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी गुणांकनाची एक पद्धत बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती उचलली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा तिच्या नावापुढे जो आकडा होता, तो याच पद्धतीचा. हा आकडा म्हणजे बक्षीस नाही, अंदाज आहे. कोण कोणासमोर बसला तर डाव रंगेल, एवढंच तो सांगतो. ऑनलाइन खेळांनी हीच कल्पना घेतली. सूत्र गेमगणिक बदलतं, पण लॉबी भरताना यंत्र तुमचा आकडाच बघतं. तुम्ही तो आकडा खोटा केलात की तुमच्याबरोबर आणि तुमच्यासमोर बसवलेल्या सगळ्यांचा डाव खोटा होतो.

आणि तो एकदा नाही, दोनदा खोटा होतो. व्हॅलोरंटचं बघा. सिल्व्हर या खालच्या रँकमधल्या एका मुलाने पैसे मोजले, पासवर्ड दिला आणि तिकडून इम्मॉर्टल या बऱ्याच वरच्या रँकच्या तोडीचा कुणीतरी त्याच्या आयडीवर बसला. तो सिल्व्हरच्या लॉबीत उतरतो. समोर कोण? दिवसभर काम करून आलेली, क्लास संपवून आलेली पाच माणसं. त्यांना वाटतं समोरचा चीट वापरतोय. चीट नसतंच, चुकीचा माणूस चुकीच्या वर्गात बसवलेला असतो. अशा सामन्यामागून सामन्यात लोकांना तुडवत ती आयडी डायमंडला पोचते.

मग मूळ मालक परत येतो. स्पाइक म्हणजे बॉम्ब लागलाय, स्फोटाला पंचेचाळीस सेकंद, आपल्या बाजूने हा एकटाच उरलाय. डायमंडचा खेळाडू आधी कोपरे बघतो, डिफ्यूजला हात लावल्यासारखं करून आवाज देतो, समोरचा बाहेर डोकावला की त्याला टिपतो. आपले मालक थेट जाऊन सात सेकंदांचं डिफ्यूज धरून बसतात. दुसऱ्या सेकंदाला गोळी. पुढच्या राउंडला तेच, त्यापुढच्यालाही तेच. बाकीचे चौघे सामना सोडू शकत नाहीत, सोडला तर शिक्षा त्यांनाच होते. मुंबई सर्व्हरवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या शिव्या पडतात, याचा माइक बंद होतो आणि कुणीतरी तेरा राउंड जिंकेपर्यंत चार अनोळखी माणसांची अर्धी संध्याकाळ जळते. त्यांनी याचं काय घोडं मारलं होतं?

आठवड्याभरात आयडी घसरून जुन्या जागी येते. मुलगा पुन्हा त्याच ‘भाऊ’ला मेसेज टाकतो. या धंद्याचं पोट गिऱ्हाइकाच्या याच घसरणीवर चालतं. शिकवून वर नेलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा आलं नसतं.

बीजीएमआयमध्ये तर कॉन्करर या सगळ्यांत वरच्या रँकच्या जागाच मोजक्या. वरच्या पाचशेंतली एक जागा कुणी विकत घेतली की रात्र-रात्र स्क्वाड बांधून, रेंजसाठी गच्चीवर बसून गुण गोळा केलेल्या कुणाची तरी जागा जाते. त्याला कळतही नाही कोणी घेतली.

आता नाण्यांकडे येतो. बीजीएमआयचं यूसी किंवा फ्री फायरचे डायमंड ही नाणी अर्ध्या भावात कशी मिळतात, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. विकणारा काही धर्मादाय संस्था चालवत नाही. काहींकडे रिफंडच्या युक्त्या असतात, काहींकडे चोरीची कार्डं. २०१८ मध्ये क्रोमटेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी क्लॅश ऑफ क्लॅन्स, क्लॅश रोयाल अशा गेममधून चोरलेल्या क्रेडिट कार्डांचा पैसा धुऊन काढणारी साखळी उघड केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये काउंटर-स्ट्राइकची मालक असलेल्या व्हाल्व्ह कंपनीने गेममधल्या पेट्यांच्या नव्याने विकत घेतलेल्या किल्ल्यांची खरेदी-विक्रीच बंद केली. बाजारात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फसवणुकीच्या पैशातून आल्या असाव्यात, असं कंपनीने स्वतः सांगितलं.

गणित सोपं आहे. चोराकडे परक्याचं कार्ड आहे, पण त्यातून थेट रोकड काढली तर तो सापडेल. म्हणून तो गेमची नाणी घेतो आणि तुम्हाला अर्ध्या किमतीत देतो. तुमच्याकडून त्याला स्वच्छ पैसे मिळतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार! महिन्याभराने कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, बँक व्यवहार उलटवते आणि कंपनी तुमच्या आयडीतली नाणी काढून घेते. खर्च करून बसला असाल तर शिल्लक उणे होते किंवा आयडीच कुलूपबंद होते. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

यात एक फास जास्त वाईट आहे. चार-दोन वेळा नाणी घेतली की विकणारा सलगी वाढवतो, ‘दादा, तुझ्या खात्यावर जरा पेमेंट घे ना, कमिशन ठेव आणि बाकीचे पुढे पाठव.’ असं खातं पोलिसांच्या भाषेत ‘म्यूल’ ठरतं. फसवणुकीचा पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला ती गोठवली जातात आणि मग कॉलेजची फी भरायच्या दिवशी बापाला कळतं की पोराच्या खात्यातून पैसे निघत नाहीत. पोरांनो, तुमचं खातं कुणालाही वापरायला देऊ नका. जवळच्या मित्रालाही नाही.

नाण्यांच्या चोरबाजाराने आख्खे खेळ कसे वाकतात याचे दाखले जुने आहेत. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीच्या रूनस्केपमध्ये खऱ्या पैशाने सोनं विकणाऱ्यांनी एवढा उच्छाद मांडला की २००७ ची अखेर ते २००८ ची सुरुवात या काळात कंपनीने खेळाडूंमधला मोकळा व्यापार आणि रानातली मोकळी लढाई दोन्ही जखडून टाकलं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रामाणिक खेळाडू दुसऱ्याला वस्तू भेट म्हणूनही धड देऊ शकत नव्हता. लोक सोडून गेले, भांडले, आणि २०११ मध्ये खेळाडूंचं मतदान घेऊन हे सगळं परत आणावं लागलं. दोन-चार नाणी विकत घेणाऱ्या कुणालाही आपण एवढं काही करतोय असं वाटलं नसणार.

कंपन्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. ब्लिझार्डने २०१२ मध्ये डायब्लो ३ आणला तेव्हा खऱ्या पैशाचं लिलावघर स्वतःच गेममध्ये उघडलं. हेतू असा की चोरबाजारापेक्षा आपलं दुकान बरं. पण राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा बाजारात घेणं सोपं झालं आणि खेळायचं कारणच उरलं नाही. मार्च २०१४ मध्ये त्यांनी ते दुकान गुंडाळलं. दुकान अधिकृत असल्याने ते निरुपद्रवी होत नाही. माझं म्हणाल तर कंपनीने बंदुकीला रंगीत स्किन विकली तर विकू दे, हौसेला मोल नसतं. बंदूक जास्त लागेल असं काही विकायला लागली तर मात्र तिलाही हेच आवाहन लागू आहे.

कायद्याचं म्हणाल तर दक्षिण कोरियाने जून २०१९ पासून पैसे घेऊन रँक चढवून देण्याचा धंदा गुन्हा ठरवला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वॉनपर्यंत दंड. आपल्याकडे २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. तेव्हा सरकार येऊन हे थांबवील म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आयडी चढवून देणाऱ्या मुलांशीही बोलायचं आहे, कारण तुम्ही कोण आहात हे ठाऊक आहे. बहुतेक सगळे वीस-बावीसचे, हातात खरी कला, घरचे म्हणतात नोकरी बघ, आणि यातून मोबाईलचा हप्ता निघतो. तुम्हाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही. पण एवढं बघा : फिलाडेल्फिया फ्यूजन संघाने करारबद्ध केलेला कोरियन खेळाडू ‘साडो’ याने पूर्वी दुसऱ्यांच्या आयडी चढवून दिल्याचं उघड झालं, आणि ओव्हरवॉच लीगच्या पहिल्या मोसमातले पहिले तीस सामने त्याला बाकावर काढावे लागले. मोसम होता चाळीस सामन्यांचा. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझो एशियाडमध्ये त्याची पदकं होती. उद्या तुमच्यातल्या कुणाची निवड व्हायची वेळ आली तर ‘प्रूफ’ म्हणून टाकलेले आजचे स्क्रीनशॉट्स कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतीलच. त्याच गिऱ्हाइकाला सांगा, ‘तुझ्या जागी खेळणार नाही, तुझ्याशेजारी बसून शिकवीन.’ तासाचे पैसे घ्या, हक्काने घ्या.

पालकांनो, फोन हिसकावून घेतल्याने यातलं काही थांबत नाही, पोरगं फक्त लपवायला शिकतं. त्यापेक्षा विचारा, तुझी आयडी दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडी आहे का? यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असेल तर तो आजच बदला. फसवणूक झालीच असेल तर लाजेखातर दोन दिवस घालवू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता आले तरच परत मिळायची आशा असते.

गेमिंग कॅफेवाले आणि मोबाईलची दुकानं चालवणारे, काउंटरवरचा ‘स्वस्त टॉप-अप’चा कागद उतरवा. गिऱ्हाइकाला टॉप-अप करून द्यायचाच असेल तर तो अधिकृत दुकानातून, त्याच्याच आयडीवर, पावती दाखवून करा. गणपतीत, जयंतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी प्रवेश रँकवर देऊ नये. सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलवा, फोन समोर ठेवायला लावा आणि एक चाचणी फेरी खेळवा. कोण खरा एस आहे ते पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. यूट्यूबवर स्ट्रीम करणाऱ्यांनी या विक्रेत्यांची जाहिरात घेऊ नये. तुमच्या तोंडून ‘ट्रस्टेड’ ऐकून सातवीतलं पोरगं आईच्या फोनवरून पैसे पाठवतं.

आणि ज्यांनी आयडी आधीच कुणाच्या हातात दिली आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच पासवर्ड बदला, जोडलेला ईमेल आणि फोन नंबर आपलाच आहे ना ते तपासा, बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. ओटीपी मागणाऱ्या ‘भाऊ’ला उत्तर देऊ नका. गटात आलेली जाहिरात पुढे ढकलू नका, रिपोर्ट करा. अ‍ॅडमिन ऐकत नसेल तर गट सोडा.