सिकंदरबागेतील अस्थी

१८५७च्या स्वातंत्र्यसमराचा विषय निघाला की एक छायाचित्र हमखास समोर येते. व्याख्यानमालेच्या निमित्ताने भरविलेल्या प्रदर्शनात ते असते, पुस्तकांत असते आणि अलीकडे दर १० मे रोजी भ्रमणध्वनीवरही येऊन पडते. एका भग्न प्रासादाचे अंगण. मागे खांबांची ओळ, तोफांच्या माऱ्याने विदीर्ण झालेल्या भिंती. एक घोडा, आणि स्तब्ध उभी असलेली चार माणसे. पाहणाऱ्याची नजर प्रथम खांबांकडे जाते, मग त्या माणसांकडे. आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवर जे पांढुरके काही विखुरले आहे ते दगड नव्हेत, माणसांच्या कवट्या आणि हाडे आहेत, हे ध्यानात येताच ती तेथेच थिजते.

हे अंगण लखनौच्या सिकंदरबागेतील. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शहा यांनी आपल्या एका बेगमेसाठी ही बाग आणि तीमधील महाल उभारला. १८५६च्या फेब्रुवारीत डलहौसीने अवधचे राज्य खालसा केले, नवाबांची रवानगी कलकत्त्यास झाली, आणि पुढच्याच वर्षी लखनौ पेटले. रेसिडेन्सीत अडकून पडलेल्या इंग्रजांची सुटका करण्यासाठी सर कॉलिन कॅम्पबेल सैन्य घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या वाटेत उंच तटाची ही बाग होती. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी तोफांनी तटाला भगदाड पाडण्यात आले आणि ९३वी हायलँडर्स व चौथी पंजाब पायदळ पलटण आत घुसली. बाहेर पडावयास वाट नव्हती. अवध प्रांतातल्या गावागावांतून सैन्यात गेलेली शेतकऱ्यांची मुले ती. हिंदू होती, मुसलमान होती. सुमारे दोन हजार सैनिक त्या चार भिंतींच्या आत मारले गेले. इंग्रजांनी आपले मृत पुरले. या दोन हजारांना अग्नी मिळाला नाही की कबर मिळाली नाही.

आजवर आपण या छायाचित्राकडे त्या संहाराचा डोळ्यांदेखतचा पुरावा म्हणून पाहत आलो. येथेच थोडे थांबावयास हवे.

छायाचित्र काढणारा फेलिचे बिआटो हा जन्माने व्हेनिसचा. क्रिमियाच्या युद्धभूमीवर त्याने या कलेत नाव मिळविले होते. तो कलकत्त्यास उतरला १८५८च्या फेब्रुवारीत. लखनौ इंग्रजांच्या हाती पूर्णपणे पडले ते २१ मार्च १८५८च्या सुमारास, आणि बिआटोने शहरात छायाचित्रे घेतली ती त्यानंतर. म्हणजे लढाईला चार महिने उलटून गेल्यावर. सूर्य, गिधाडे आणि कोल्ही यांनी आपले काम केव्हाच आटोपले असणार. मग अंगणभर नेमक्या चौकटीत मावतील अशा या अस्थी आल्या कोठून?

उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. त्या वेळी लखनौत असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेल यांच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंद आहे, की प्रेतांचा ढीग छायाचित्रकार येण्यापूर्वी रीतसर झाकून टाकण्यात आला होता; परंतु या गृहस्थाने, अखेरची विल्हेवाट लागण्यापूर्वी ते पुन्हा उघडे करावेत, मला छायाचित्र घ्यावयाचे आहे, असा आग्रह धरला. आणि तो मान्य झाला. एकदा ज्यांच्यावर माती पडली होती, त्यांना पुन्हा वर काढून मांडण्यात आले! दोन वर्षांनी, १८६० साली, हाच बिआटो चीनमध्ये ताकूच्या किल्ल्यात मृतदेहांची छायाचित्रे घेत होता, आणि तेथेही माझे काम होईपर्यंत प्रेते हलवू नका असे तो सांगत असल्याची नोंद सैन्याबरोबरच्या एका डॉक्टरने केली आहे. हा त्या माणसाचा व्यवसाय होता.

व्यवसाय म्हटला की गिऱ्हाईक आले. या चित्रांचे गिऱ्हाईक भारतात नोकरी करणारे गोरे अधिकारी होते, विलायतेतील मध्यमवर्गीय कुटुंबे होती. कानपूर-लखनौच्या बातम्या वाचून जो इंग्रज वाचक सूडाची मागणी करीत होता, त्याला सूड पुरा झाल्याचे डोळ्यांनी पाहावयाचे होते. म्हणून बिआटोच्या संचात फासावर लटकविलेल्या दोन शिपायांचे छायाचित्र आहे. म्हणूनच सिकंदरबागेच्या चित्राखालच्या मूळ ओळीत दोन हजार बंडखोरांची कत्तल कोणत्या पलटणींनी केली, हे विजयाच्या नोंदीसारखे लिहिले आहे. १८५८च्या मे महिन्यात दिल्लीत बंदिवान असलेल्या वृद्ध बहादूरशहाचे छायाचित्र घेतले गेले. पलंगावर पडलेला, शून्यात पाहणारा तो म्हातारा पाहून आपल्याला करुणा येते. छायाचित्रात मात्र एक पकडलेला शत्रू टिपला जात होता.

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. सिकंदरबागेत त्याने असत्य सांगितले असेही म्हणता येत नाही. हाडे खरी आहेत. माणसे खरोखरच मेली. खोटा आहे तो क्षण. आणि ज्याने तो क्षण रचला, त्याच्या मनातला प्रेक्षक आपण नव्हतो, ही गोष्ट ते चित्र आपल्या प्रदर्शनात लावताना आपण विसरतो.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांकडे कॅमेरे होते, आपल्याकडे नव्हते, म्हणून असे झाले. हे समाधानही पूर्ण खरे नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते, आणि नारायण दाजी तर उत्तम छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. खुद्द लखनौत अहमद अली खान या एतद्देशीय छायाचित्रकाराने १८५७ पूर्वी इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांची छायाचित्रे घेतली होती. तेव्हा यंत्र होते, विद्या होती, हातही होते. नव्हते ते रणभूमीवर कॅमेरा घेऊन उभे राहण्याचे स्वातंत्र्य. ते जेत्याच्याच पदरी असते.

मग आपल्या बाजूने काय उरले? सिकंदरबागेपुरते सांगायचे तर एक पिंपळ आणि एक नाव. ९३व्या पलटणीतील विल्यम फोर्ब्स-मिचेल याने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की अंगणातल्या पिंपळाखाली पाणी प्यावयास जाणारे गोरे सैनिक एकामागून एक पडू लागले. जखमा वरून खाली गेलेल्या होत्या. झाडावर कोणी आहे हे ओळखून नेम धरण्यात आला. खाली कोसळलेली व्यक्ती स्त्री आहे हे तेव्हा कळले, आणि जिच्यावर गोळी झाडली ती स्त्री होती हे पाहून तो मारणारा सैनिक रडला. फोर्ब्स-मिचेलला तिचे नाव ठाऊक नव्हते. ते नाव अवधच्या पासी समाजाने आपल्या स्मृतीत जपले. उदादेवी. आज सिकंदरबागेचा मोठा भाग राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या परिसरात आहे, जुने प्रवेशद्वार अद्याप उभे आहे, आणि जवळच उदादेवीचा पुतळा आहे.

मराठी माणसाला याच युद्धाचे आणखी एक चित्र लाभले आहे, आणि ते कॅमेऱ्याचे नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे चार पैसे दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्या अपेक्षेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके वणव्यात सापडले. सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरात होते. पुढे काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी त्यांना धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटली. भटजींनी पाणी काढून देण्याची तयारी दाखविली. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला रुचले नाही. तिने ते स्वतः ओढले आणि मातीच्या भांड्यातून प्यायली. भटजींना ना कोणी नेमले होते, ना त्यांच्यापुढे गिऱ्हाईक होते. पंचवीसएक वर्षांनी आठवून त्यांनी हे लिहिले. तरीही ‘माझा प्रवास’ वाचताना ती विहीर दिसते.

याही चित्रावर हात फिरला, हे मात्र सांगितले पाहिजे. चिंतामणराव वैद्य यांनी भटजींच्या पश्चात, १९०७ साली ही हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा काळाकडे पाहून तिच्यात बरेच फेरफार केले. परकी सत्ता डोक्यावर असताना त्यांना दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. पण मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांना भटजींचे शब्द जसेच्या तसे वाचकांपुढे ठेवता आले. मूळ जपून ठेवणारा कोणी नसता तर?

आणि आज आपण काय करतो? राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र घरोघरी फिरते. एका युरोपीय छायाचित्रकाराने १८५० साली ते काढले, असे त्याखाली लिहिलेले असते. राणीचे निर्विवाद अस्सल ठरलेले एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तरीही आपल्यातील चांगली शिकलेली, इतिहासाची आवड असलेली माणसे ते चित्र पुढे पाठवतात, वर प्रत्येकाने दहा जणांना पाठवावे अशी शपथही घालतात. हेतू भक्तीचा असतो, यात शंका नाही. परंतु उद्या कोणी प्रतिपक्षाचा अभ्यासक उभा राहून ते चित्र खोटे आहे हे सिद्ध करील, तेव्हा त्याच्या बोटाखाली केवळ ते चित्र राहणार नाही. त्याच श्वासात आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही संशयित ठरतील. सावरकरांनी लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून, शत्रूच्याच कागदपत्रांतून, या समराचा इतिहास उभा केला आणि १९०९ साली तो प्रसिद्ध झाला. कागद शत्रूचा आहे म्हणून त्यांनी टाकला नाही, आणि शत्रूने सांगितला तसा स्वीकारलाही नाही.

बिआटोचे चित्र लावावे की नाही, असा प्रश्न एका कार्यकर्त्याने अलीकडेच आम्हाला विचारला. उकरून मांडलेल्या आपल्याच पूर्वजांच्या अस्थी मुलांना दाखवणे त्याला अपमानास्पद वाटत होते. त्याची भावना आम्हाला समजते. तरीही चित्र लावावे, असे आमचे मत आहे. काढून टाकले तर त्या दोन हजारांची उरलेली एकमेव खूणही जाईल. बदलावयाची आहे ती खालची ओळ. येत्या १० मे रोजी जे प्रदर्शन भरवतील त्यांनी बंडखोर आणि कत्तल हे शब्द पुसून एवढेच लिहावे:

लखनौ, सिकंदरबाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी येथे सुमारे २,००० भारतीय सैनिक लढताना मारले गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले नाहीत. छायाचित्र फेलिचे बिआटो, १८५८. अस्थी छायाचित्रासाठी उघड्या करण्यात आल्या. उभ्या असलेल्या चौघांची नावे नोंदलेली नाहीत.