भाडेकरूला इतिहास नसतो काय?

घराचा इतिहास म्हणजे घरमालकाची वंशावळ, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या एका वाड्याची शंभरी भरली. स्मरणिका काढायचे ठरले आणि मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मजकुरावरून नजर फिरवण्याचे काम माझ्याकडे आले. ६० पानांपैकी ४४ पाने मालकांचे पणजोबा, त्यांची पगडी आणि त्यांचा घोडा (घोडा दोनदा, छायाचित्रासह!) यांनी व्यापलेली. ज्या बिऱ्हाडांनी त्या वाड्यात बाळंतपणे काढली, पापड लाटले, नळावर कडाकडा भांडून संध्याकाळी एकमेकींच्या पोरांना जेवू घातले, त्यांच्या वाट्याला एकच ओळ : ‘वाड्यात अनेक भाडेकरू राहून गेले.’ मी हरकत घेतली, तर उत्तर मिळाले, “अहो मास्तर, भाडेकरू आज आहे, उद्या नाही. त्याचा कसला आलाय इतिहास?”

हे मला मुळीच मान्य नाही. का नाही, ते सांगण्यासाठी वाचकांना जरा लंडनला नेतो. मीही पुस्तकांतूनच जातो, तेव्हा खर्चाची चिंता नको.

लंडनच्या पूर्व भागात स्पिटलफील्ड्स नावाची वस्ती आहे. तिथल्या प्रिन्सलेट स्ट्रीटवर, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेत, १७१९ साली बांधलेले १९ नंबरचे घर आहे. त्यात ओजिए नावाचे रेशमाचे व्यापारी कुटुंब राहत असे. ही मंडळी ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा हजारोंनी देश सोडला. पुढे घराच्या खोल्या सुट्या सुट्या भाड्याने जाऊ लागल्या. माळ्यावर माग बसले आणि विणायला उजेड हवा म्हणून रुंद खिडक्या आल्या. एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपातले गरीब ज्यू आले. त्यांनी १८६९ साली मागच्या परसात चक्क आपले प्रार्थनामंदिर, सिनेगॉग, बांधले. रस्त्यावरून पाहावे तर साधे घर. आत गेले की डोक्यावर रंगीत काचांचे छप्पर आणि सज्जाच्या फळ्यांवर देणगीदारांची नावे. आपल्या देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असते ना, अगदी तसे!

याच घराच्या वरच्या खोलीत डेव्हिड रोडिन्स्की नावाचा एकलकोंडा ज्यू राहत असे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो दिसेनासा झाला. १९८०च्या सुमारास खोली उघडली, तो पुस्तके, वह्या, नाना भाषांतली टिपणे, सारे धूळ खात जागच्या जागी. आपल्याकडे लगेच रद्दीवाल्याला हाक गेली असती! रेचेल लिक्टनस्टाइन या बाईंनी मात्र वर्षानुवर्षे त्याचा माग काढला, त्याचे थडगे शोधले आणि इयान सिंक्लेअर यांच्याबरोबर १९९९ साली त्याच्या खोलीवर सबंध पुस्तक प्रसिद्ध केले. मालकावर नव्हे हो; माळ्यावरच्या बिऱ्हाडावर!

जवळच ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर ह्यूगनॉटांचे १७४३ सालचे प्रार्थनामंदिर आहे. ते पुढे मेथडिस्टांचे झाले, १८९८ साली सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून, सिल्हेटकडून आलेल्या बंगाली मुसलमानांची वस्ती वाढल्यावर, तिथे मशीद आहे. भिंती त्याच. त्या भिंतींना सांगण्यासारखे जे काही मिळाले, ते येऊन राहिलेल्यांकडून.

“लंडनचे सोडा, आपले बोला,” असे कोणी म्हणेल. बरे, लंडनमधलेच एक घर आता आपले आहे. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे हेही रांगेतलेच घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना तिथे बिऱ्हाडकरू म्हणून राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. राहत्या घराचे स्मारक करायला तिथल्या स्थानिक कौन्सिलची हरकत होती. अखेर २०२० साली परवानगी मिळाली. मला मनापासून आनंद झाला. पण मनात आले, भाडेकरूला इतिहासात जागा मिळण्यासाठी त्याने आधी महापुरुष व्हावे लागते काय? परळच्या बी. आय. टी. चाळीतही बाबासाहेब वीसेक वर्षे राहिले. त्याच गॅलरीतल्या शेजाऱ्यांपैकी दोघांची तरी नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

कागद नाहीत ही सबब तर मला सांगूच नये. मी शाळामास्तर आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे जन्मस्थळ असते, आधीची शाळा असते आणि शाळा सोडल्याचे कारणही असते. ‘वडिलांची बदली’, ‘गावी गेला’ या दोन शब्दांत बिऱ्हाड हलल्याची तारीख मिळते. पण ते बाड उघडणार कोण?

आता जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. उत्तम झाले! गळक्या छपराचे गोडवे गाणाऱ्या हळव्या लेखकांतला मी नव्हे. पण अशा प्रत्येक पुनर्विकासात एक गंमत आहे. घर मिळण्याआधी भाडेकरूने ‘पात्र’ ठरावे लागते. भाडेपावत्या, शिधापत्रिका, विजेची बिले, वारसाचे दाखले, सगळे जोडा! म्हणजे ज्याला इतिहास नाही म्हणतात, त्याच्याकडूनच पिढ्यांचा इतिहास छायाप्रतींसह मागून घ्यायचा, आणि काम झाले की बासनात गुंडाळून ठेवायचा.

त्या फायली रद्दीत जाऊ देऊ नका. रहिवाशांच्या संमतीने एकेक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवा. नव्या इमारतीच्या दारात बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागेलच. तिच्या खाली जुन्या खोल्यांचे क्रमांक आणि त्यांत राहून गेलेल्यांची नावे लावा. संगमरवर परवडत नसेल तर रंगवलेला पत्रा चालेल.